सुनेच्या माहेरचा लोंबता निवडुंग

दुपारचं जेवण झालं की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. डोक्यावर छताच्या कडीला एक कुंडी टांगली आहे. तिच्यातून बारीक हिरव्या काड्या खाली सुटल्या आहेत. एकीतून दोन, दोहोंतून चार फुटत पार माझ्या खांद्यापर्यंत आल्या आहेत. वारा आला की हलतात, पण आवाज करत नाहीत. डोळे अर्धे मिटले की वाटतं, पाऊस पडता पडता मध्येच थांबलाय आणि हिरवा होऊन तिथंच राहिलाय. बाहेर धाराशिवचं ऊन पांढरंफटक पडलेलं असतं, आणि मी मात्र कधी न पाहिलेल्या एखाद्या जंगलात ओल्या खोडाला टेकून बसलेला असतो. कुठून तरी पाणी ठिबकत असतं. मग भाजीवाल्याची गाडी ओरडत जाते आणि जंगल विरून जातं.

हा निवडुंग आहे म्हटलं तर कुणाला पटत नाही. काटा नाही, जाड पान नाही, अंगावर येणारं काहीच नाही. माझ्या सुनेनं तो लग्नानंतर माहेराहून आणला. पुढं तो मेला, आणि तो तिच्या हातानं मेला असं आमच्या घरात आणि भावकीत ठरून गेलं. आज माझ्या डोक्यावर आहे ते त्याचंच वाचलेलं पोर. तिच्या हातानं काही मेलं नव्हतं. मी मारलं होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. झालं ते जसं झालं तसं एकदा सांगून ठेवतो.

सुनेचं माहेर कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटाच्या तोंडाशी. तिथं पावसाळ्यात घरांच्या भिंतींनाही शेवाळ येतं म्हणे. तिच्या आईच्या परसात हा निवडुंग आंब्याच्या फांदीला टांगलेला असायचा आणि घरात सगळे त्याला जटा म्हणायचे. सासरी येताना तिनं त्याचा एक झुबका ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून आणला. आमच्या घरात माझी पत्नी आधीच गेलेली. मी आणि मुलगा असे दोघंच पुरुष. भिंतीवर कॅलेंडर सोडून काही लटकत नव्हतं. तिनं आल्या आल्या गॅलरीत कडी ठोकून घेतली.

मी आयुष्यभर कृषी सहायक होतो. बांधावरून फिरून लोकांना बियाणं, खत, फवारणी सांगण्यात केस पांढरे झाले. मी खालून बघून म्हणालो, "हे तर बांडगूळ दिसतंय."

"न्हवं वो मामा," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणते. "बांडगूळ झाडाचं रक्त पितंय. हे नुसतं फांदीच्या बेचक्यात बसतंय, पाहुण्यावानी. पाला साठतो तेवढ्यात मुळं धरतंय."

"पाहुणा चहा तरी पितोच की."

"मग द्या की चहा. पण ऊन देऊ नका. आणि बोअरचं पाणी नको, त्यानं अंगावर खाराचं पांढरं चढतंय."

निवडुंगाला ऊन नको, आणि पाणी पाहिजे, तेही निवडून! मी हसलो. आमच्याकडं निवडुंग म्हणजे बांधावरचा. शेळीही तोंड लावत नाही असा. दुष्काळात माणसं गाव सोडतात, हा जागचा हलत नाही. त्याला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षीच्या रब्बीला सून पहिल्यांदा शेतावर आली. आमची जमीन तेरजवळ आहे आणि ती माझी थोरली बहीण बघते. आक्का लवकर विधवा झाली, माहेरी आली, आणि तेव्हापासून शेत तिचं. आमच्याकडं पेरणीची पहिली मूठ घरातल्या चांगल्या हाताच्या बाईनं धरायची असते. पूर्वी तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर धरायची, आता ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात ओंजळीनं टाकायची, पण मान तोच. नवी सून आली की मूठ तिच्याकडं जाते. सुनेनं ज्वारीची मूठ टाकली आणि त्या साली उगवण अशी एकसारखी झाली की आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर उभं करून दाखवायची. "पोरीच्या हाताला गुण हाय," म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सून बाळंतपणाला माहेरी गेली. गाडीत बसताना मला म्हणाली, "मामा, जटेकडं बघा तेवढं."

मी बघितलं. माझ्या पद्धतीनं बघितलं. मला वाटलं, सावलीत राहून हे झाड लाडावलंय, लोंबकळतंय म्हणजे अंगात ताकद नाही. रोप उन्हात काढलं की कणखर होतं, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलेलं. मी कुंडी कडीवरून काढली आणि गच्चीवर नेऊन ठेवली. त्या वर्षी नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा मोजला जायचा. शेजारपाजारच्या घरांत भांडी धुतलेलं पाणी साठवून ठेवत होते. अशात निवडुंगाला पाणी घालताना कुणी बघितलं असतं तर मला लाज वाटली असती.

आधी काड्या तांबूस झाल्या. मी म्हटलं, रंग चढतोय. मग त्या सुरकुतल्या. गच्चीचा कोबा असा तापलेला की अनवाणी पाय ठेवता येत नव्हता आणि मी त्यावर जंगलातलं झाड ठेवून त्याचं बळ वाढण्याची वाट बघत होतो. एके दुपारी वर गेलो आणि कुंडीकडं पाहताच समजलं. रोप हातचं गेलं की ते कळायला कृषी सहायक लागत नाही.

मग मी घाबरलो. कुंडी खाली आणली, कडीला टांगली आणि बादलीनं पाणी घातलं. बोअरचंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वाळलेली मुळं त्या चिखलात सडली असणार. वरून मात्र काड्या थोड्या फुगल्या, हिरवट झाल्या. खालून बघणाऱ्याला झाड जिवंत वाटावं एवढं झालं आणि मी तिथंच थांबलो.

सून नातीला घेऊन परत आली तेव्हा आक्काही गावाहून आली होती. बाळाची दृष्ट काढून झाली, चहा झाला, आणि सून गॅलरीत गेली. तिनं कुंडी उतरवून मांडीवर घेतली, काड्यांतून बोटं फिरवली, आणि सगळा झुबका मुळापासून सुटून तिच्या हातात आला. ओल्या कागदासारखा.

आक्का दारातच उभी होती. "अगं बया! हात लावला अन् झडलं!"

सुनेनं वर पाहिलं, आक्काकडं नव्हे, माझ्याकडं. "मामा, पाणी घालत होता न्हवं?"

"घालत होतो की," मी म्हणालो.

ह्या उत्तरात खोटं असं काही नव्हतं. म्हणून तर ते तोंडातून इतक्या सहज निघालं. तेवढ्यात बाळ रडलं, सून उठून गेली आणि कुंडी माझ्या पायाशी राहिली.

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण रस्त्यानं जाताना अजून माणसं मला थांबवून विचारत होती, साहेब, हरभऱ्यावर घाटेअळी पडलीय, काय मारू? त्या माणसानं एक कुंडी उन्हात भाजून मारली, हे आक्काच्या तोंडी गेलं असतं तर तेरच्या बाजारापासून ढोकीच्या साखर कारखान्यापर्यंत पोचलं असतं. मला वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील.

आक्का विसरली नाही. बाळंतिणीचा हात जड झालाय, असं ती आधी म्हणाली. त्या रब्बीला तिनं मूठ स्वतः धरली. पुढच्या वर्षी म्हणाली, "राहू दे, एकदा का हाताचा गुण गेला की गेला." आदल्या साली लोकांना बांधावर उभं करून दाखवलेली ज्वारी कुणाच्याच ध्यानात नव्हती. मग हळूहळू आंब्याच्या लोणच्याला सुनेचा हात नको झाला, कुणाच्या दारात मिरचीचं रोप लावायचं तर ती बाजूला उभी राहू लागली. कुणी भांडलं नाही, कुणी मोठ्यानं बोललं नाही. भावकीतल्या जावा-नणंदा हसत हसत म्हणायच्या, "तू नको गं, तू नुसतं बघ." तीही हसायची. पण ज्या बाईचं बालपण झाडांत गेलं तिनं आमच्या घरात पुन्हा एक तुळससुद्धा लावली नाही. गॅलरीतली कडी गंजली.

त्यानंतरची वर्षं मला नीट आठवत नाहीत. ती एका लांब दुपारसारखी वाटतात. नात रांगली, चालली, शाळेत गेली. मी रोज गॅलरीत बसायचो आणि त्या रिकाम्या कडीकडं बघत पेंगायचो. झोपेत कधी कधी माझ्या हातात ओलं काहीतरी सुटून यायचं. जाग आली की हात कोरडा असायचा.

मग एकदा पाण्याच्या टाकीचा बॉल नीट बसत नव्हता, पाणी वाहून जात होतं, म्हणून मी गच्चीवर गेलो. टाकीच्या मागं, भिंतीच्या बाजूला, जुना मोडका कूलर पडलेला होता. नळाच्या पाण्यानं टाकी भरली की वरचं पाणी त्याच्यावर ठिबकायचं. कूलरच्या जाळीतलं गवत कुजून काळं झालेलं, आणि त्या गवतातून हिरव्या काड्या खाली लोंबत होत्या.

मी तिथं किती वेळ उकिडवा बसलो कुणास ठाऊक. कुंडी नेता-आणताना एखादा तुकडा गळून पडला असेल. उन्हाची तिरीप तिथं फक्त सकाळची येत होती. मुळांना मातीऐवजी मऊ, हवा खेळणारं गवत होतं. थेंब थेंब पाणी यायचं आणि निथळून जायचं. एका काडीवर तांदळाएवढी पांढरी फुलं होती, दुसरीवर मोत्यासारखी चिकट फळं. आमच्या धाराशिवच्या गच्चीवर, कुणाच्याही नजरेत न येता, एक मूठभर जंगल तयार झालं होतं. सून पहिल्या दिवशी जे सांगत होती ते सगळं तिथं आपोआप जुळून आलेलं.

मी तो झुबका गवतासकट खाली आणला. नारळाची शेंडी, कोळशाचे तुकडे, थोडी पालापाचोळ्याची माती असं भरून गंजक्या कडीला टांगला. पावसाचं पाणी कॅनमध्ये धरून ठेवू लागलो. वरची माती बोटाला कोरडी लागली की कुंडी बादलीत बुडवायची, निथळू द्यायची, मग टांगायची. सकाळी ऊन वर चढायच्या आत हलकं पाणी फवारायचं. उतारवयात मी पहिल्यांदा एखाद्या झाडाला विचारून वागत होतो.

"कुठनं आणलं, मामा?" सुनेनं विचारलं. ती हात पाठीमागं धरून उभी होती.

"नर्सरीतून," मी म्हणालो. आधीच्या खोट्यावर हे आणखी एक.

तिनं हात लावला नाही. लांबूनच म्हणाली, "बरं आहे."

एवढ्यावरही मी गप्प राहिलो असतो. पण शाळेतून नातीला सांगितलं होतं की चहाच्या कपात मेथी उगवून आणा. ती कप आणि दाणे घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, "आजोबा, तुम्हीच पेरा. आईनं पेरलं तर उगवत न्हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता की चेष्टा नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो असं म्हणावं तसं ती म्हणाली. आत सून भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात. मी कपात मेथी पेरली, आणि बोटांना लागलेली माती मला दिवसभर धुवावीशी वाटली नाही.

त्या रब्बीला आम्ही सगळे शेतावर गेलो. ट्रॅक्टर उभा होता. आक्कानं पेरणी यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाटीतली ज्वारी ओंजळीत घेतली.

"आक्का, थांब," मी म्हणालो. "मूठ सुनेला धरू दे."

"आरं, तुला म्हायती न्हाय व्हय? कुंडीतलं झाड जगलं न्हाय तिच्या हातनं. ही वरसाची भाकर हाय."

"ते झाड तिनं मारलं न्हाय. म्या मारलं."

ट्रॅक्टरवाल्यानं बोलणं ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं. त्यामुळं मी पुढं जे बोललो ते शेजारच्या बांधापर्यंत गेलं.

आक्का डोळे बारीक करून म्हणाली, "सुनंची कड घेतुयास व्हय? म्हातारपणी गरम भाकरी पायजे म्हणून?"

माणसं हसली. मी हसू थांबेपर्यंत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गच्ची, तापलेला कोबा, बादलीनं घातलेलं बोअरचं पाणी, कडीला टांगलेलं मेलेलं झाड. मी सांगत असताना माझा मुलगा माझ्याकडं बघत नव्हता.

"अन् तू शेतकऱ्यास्नी अक्कल शिकवायचास!" आक्का म्हणाली.

"व्हय."

"मग एवढी वरसं तोंडात काय गुळणी धरली हुतीस?"

आक्कानं ओंजळीतली ज्वारी तशीच सुनेपुढं धरली. "ये गं. धर."

मी कल्पना केली होती की सून पुढं येईल, पदर खोचेल, आणि सगळं फिटेल. ती जागची हलली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मी तेव्हाच विचारलं होतं तुम्हाला, मामा. पाणी घालत होता का म्हणून."

"व्हय."

"घालत होतो म्हणालात."

मग आक्काला म्हणाली, "आज नको, आत्याबाई. राग पार हातात उतरलाय माझ्या. आत्ता बी टाकलं तर तोच उगवायचा." आणि ती बांधावरच्या बाभळीखाली जाऊन पाठमोरी बसली. मूठ आक्कानंच टाकली. ट्रॅक्टर निघाला.

त्यानंतर घरात बरेच दिवस माझा चहा नात आणून देत होती. मला वाटत होतं, खरं बोललं की अंग हलकं होतं. तसं काही झालं नाही. हलकं व्हायचं होतं ते तिनं, आणि तिला आता कुठं राग करायची मुभा मिळाली होती. तो तिनं मनसोक्त करावा, एवढंच मी स्वतःला सांगत राहिलो. दुपारी गॅलरीत बसलो तरी डोळा लागत नव्हता. काड्या डोक्यावर हलत राहायच्या.

एके सकाळी ती गॅलरीत आली. "खरं सांगा, हे नर्सरीतलं आहे?"

"न्हाय. टाकीमागच्या कूलरमध्ये सापडलं. तुझ्याच जटेचा तुकडा."

ती तशीच गच्चीवर गेली. बऱ्याच वेळानं खाली आली तेव्हा तिच्या हाताला कुजलेलं गवत लागलं होतं. "तिथं काय केलं होतंत तुम्ही त्याला?"

"काहीच न्हाय."

"म्हणूनच जगलं," ती म्हणाली. आणि तिनं हात वर करून काड्यांत बोटं घातली, मुळाशी माती चाचपली, कुंडी जराशी फिरवून भिंतीकडची बाजू उजेडाला आणली. काहीही सुटून आलं नाही.

दिवाळीनंतर आक्काचा फोन आला, सुनेच्या फोनवर. पाटाकडची एक पट्टी हरभऱ्याला ठेवलीय म्हणाली. सून एकटीच तेरच्या एसटीनं गेली. मी येऊ का, असं मी विचारलं नाही, आणि तिनंही म्हटलं नाही. संध्याकाळी आली, मोरीत पाय धुतले, नखांतली माती काडीनं काढत उंबऱ्यावर बसली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"पेरलं." मग स्वतःशीच हसली. "आत्याबाई म्हणतात, उगवलं तर तुझा हात, न्हाय उगवलं तर बी किडकं."

मला हसू आलं. मी हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी खाली बघून थोडंसं हसलो. तिनं ते पाहिलं असावं.

हरभरा अजून वर आलेला नाही. रोज सकाळी शाळेचा डबा भरून झाला की ती फोन कानाला लावते आणि विचारते, "आज काय दिसतंय, आत्याबाई?" पलीकडून आक्का लांबलचक काहीतरी सांगत असते. सून ऐकत असते, मध्येच हं म्हणते. शब्द माझ्यापर्यंत पोचत नाहीत. मी आपला तिच्या तोंडाकडं बघत बसतो.